खदान बंद होते, मग?

मुलांनो, आमच्या सूर्यमाळला कधी आलात का? पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यात, चांगलं उंचावर वसलेलं गाव आहे. पावसाळ्यात इथे ढग सरळ वर्गात शिरतात आणि मागच्या बाकावरून फळा दिसेनासा होतो. (खोटं नाही सांगत! मागच्या बाकावरच्यांना ते फार आवडतं.) माती पातळ, तिच्यात नागली, वरई, खुरासणी पिकते. मातीखाली सगळा काळा फत्तर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले, त्यांचा हा बेसाल्ट. तो कितीही फोडा, त्यात दगडी कोळशाचा एक खडासुद्धा सापडायचा नाही.

आणि तरीही गेलं वर्षभर आमच्या वर्गात कोळशाच्या खाणीची चर्चा चालू आहे. त्याला थोडा मीही कारणीभूत आहे. मी इथे शिक्षक आहे, पण मूळचा चंद्रपूरकडचा. आमचे बाबा पस्तीस वर्षं खाणीत होते. पुस्तकात 'खाण' लिहितात, पण आमच्याकडे कोणी खाण म्हणत नाही. आमच्याकडे 'खदान'. "बाबा खदानीत गेले", "खदानीचा भोंगा झाला", असं. तर बाबांनी एकदा खदानीतून एक दगड घरी आणला होता. राखाडी, पाटीसारखा चपटा, आणि त्यावर एका पानाचा ठसा. पान जिभेच्या आकाराचं, मधोमध शीर. त्या झाडाचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी अशा झाडांची दलदलीतली रानं गाडली गेली, दबली, तापली आणि त्यांचा दगडी कोळसा झाला. त्या काळच्या खडकांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'गोंडवन' म्हणतात, आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं आहे, बरं का!

तो दगड मी वर्गात फिरवला आणि विचारलं, "दगडी कोळसा कोणी पाहिलाय?" लगेच पाच-सहा हात वर झाले. भिवंडीच्या वीटभट्टीवर! आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात, पोरंही जातात. विटा रचताना थरांमध्ये कोळशाची भुकटी टाकतात, ती या पोरांनी हातानं पसरलेली. "गुरुजी, ती हाताची चार दिवस जात नाही," एक जण म्हणाला. तेव्हा त्यांना कोळसा म्हणजे काय ते सांगायची गरजच नव्हती.

मग सातवीतली एक मुलगी उठली. "गुरुजी, सगळा कोळसा काढून झाला की त्या भोकाचं काय करतात?"

साधा प्रश्न. पण त्याचं उत्तर द्यायला मला महिना लागला.

आधी भोक कसं पडतं ते बघू. खदानी दोन प्रकारच्या. कोळसा खोल असेल तर भूमिगत खदान. उभी विहीर खणायची, तिच्यातून लोखंडी पिंजऱ्यात बसून खाली जायचं आणि कोळशाच्या थरात गल्ल्या कोरायच्या. सगळा कोळसा एकदम काढला तर छप्पर डोक्यावर येईल, म्हणून मध्ये मध्ये कोळशाचेच जाड खांब सोडायचे. बाबा म्हणत, खाली म्हणजे एक गावच असतं, नुसत्या गल्ल्या आणि चौक, फक्त आभाळ नाही. शेवटी शेवटी ते खांबही काढायची वेळ येते. ते काम सगळ्यात धोक्याचं. लाकडी टेकू लावून एकेक खांब काढत मागे सरायचं. टेकू करकरायला लागले की हातातलं टाकून निघायचं. छप्पर बोलतं ते ऐकायचं, असं बाबांचं सांगणं असे.

आता जिथून कोळसा काढला तिथे पोकळी उरली. वर कोणाचं शेत, कोणाचं घर. म्हणून चांगल्या खदानीत नदीची रेती पाण्यात मिसळून पाइपानं खाली सोडतात आणि पोकळी भरून काढतात. पाणी निघून जातं, रेती घट्ट बसते. हे केलं तर वरची जमीन बरीचशी जागेवर राहते. पण रेतीला पैसा लागतो, वेळ लागतो. सगळीकडे ती भरली गेली नाही.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला, तुम्हीही करून बघा. एका पाटावर सहा रिकाम्या काड्यापेट्या अंतर सोडून मांडा. प्रत्येकीला दोरा बांधून टोक बाहेर ठेवा. वर वर्तमानपत्राचा ओला कागद, त्यावर चार बोटं ओली माती, आणि मातीवर खडूच्या डबीचं घर. आता एकेक दोरा हळूच ओढा. पहिली पेटी निघाली, काही झालं नाही. दुसरी निघाली, काही नाही. पोरं हसायला लागली. तिसरीला घर जरासं कललं. चौथीला सगळंच खाली! मग दुसऱ्यांदा पेट्यांच्या मधल्या जागेत कोरडी रेती ठासून भरली आणि तोच खेळ केला. घर खचलं थोडं, पण उभं राहिलं. लक्षात घ्या, पहिल्या दोन पेट्यांच्या वेळी वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. खऱ्या जमिनीच्या बाबतीत ते "काहीच नाही" पन्नास-पन्नास वर्षंही चालतं.

आणि मग एखाद्या दिवशी कळतं. २६ ऑगस्ट २०२२. चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस. या गावातल्या एका वस्तीखाली जुन्या भूमिगत खदानीच्या पोकळ्या आहेत. त्या दिवशी एका घरातल्या माणसांना हादरा जाणवला. ती धावत बाहेर आली, आणि बघता बघता अख्खं घर जमिनीत उतरलं. छप्परसुद्धा दिसेना, एवढं खोल. माणसं वाचली ती केवळ वेळेवर उंबऱ्याबाहेर पडली म्हणून. आजूबाजूच्या कितीतरी कुटुंबांना तिथून हलवावं लागलं. बातमी आली त्या रात्री मी बाबांना फोन केला. ते खूप वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "वरच्याले काय माहीत, खाली काय हाय ते. आमाले माहीत होतं."

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा ती सातवीतली मुलगी म्हणाली, "मग नकाशा नाही का काढत?" काढतात ना! खदानीचा नकाशा ठेवावाच लागतो. पण फार जुन्या खदानींचे नकाशे सगळेच अचूक नाहीत, आणि गाव वाढतं तेव्हा घर बांधणारा माणूस खदानीचा नकाशा बघायला कुठे जातो?

दुसरा प्रकार म्हणजे उघडी खदान, ओपनकास्ट. आता आपल्या देशातला बहुतेक कोळसा अशाच खदानीतून येतो. कोळसा फार खोल नसेल तर वरची सगळी जमीनच उचलायची. आधी शेताची काळी माती, मग मुरूम, मग दगड, आणि मग कोळसा. उचललेलं सगळं बाजूला रचतात, त्याचे डोंगर होतात. चंद्रपूरला रेल्वेतून उतरणारे पाहुणे विचारतात, "हे कुठले डोंगर?" त्यांना काय सांगणार! तुमच्या घरातला बल्ब लागावा म्हणून उलटं करून ठेवलेलं शेत आहे ते.

उलटं करून, हा शब्द मुद्दाम वापरला. शेताची वरची वीतभर माती ही खरी जिवंत माती. ती सगळ्यात आधी निघते, म्हणून ढिगाऱ्याच्या सगळ्यात खाली जाते, आणि तळातला निर्जीव दगड सगळ्यात वर येतो. त्यावर गवतही धड उगवत नाही. आता, वरची माती पहिल्या दिवशीच वेगळी काढून ठेवली असती तर? शेवटी ती परत वर पसरता आली असती. नियम तसाच आहे. पण पहिल्या दिवशी ज्यानं ती मिसळून टाकली, त्याच्या मागून येणारा वीस वर्षांनी कितीही हुशार असला, तरी ती चाळून काढू शकत नाही. मला तर वाटतं, बंद खदानीचं काय होणार हे ती उघडते त्या दिवशीच निम्मं ठरून जातं.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र हुशार माणसं लागतात. नागपूरला नीरी नावाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणींच्या ढिगाऱ्यांवर झाडं जगवून दाखवली. नुसते खड्डे करून रोपं लावली नाहीत त्यांनी. आधी त्या मेलेल्या मातीला जेवण दिलं. साखर कारखान्यातून निघणारी मळी, सांडपाणी शुद्ध करताना उरणारा गाळ, अशा टाकाऊ वस्तू मिसळल्या. मग मुळांशी दोस्ती करणारे जिवाणू आणि बुरशी घातली. हवेतला नत्र पकडून झाडाला देणारे जिवाणू असतात, आणि मुळांचे हात लांब करून पाणी-क्षार आणून देणारी बुरशी असते. माती मेली म्हणजे मुख्यतः हे मदतनीस मेले. सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीचा ढिगारा त्यांनी असा हिरवा केला, आणि कोळशाच्या खाणीच्या दहा हेक्टर ढिगाऱ्यावरही हीच युक्ती करून पाहिली. आमच्याकडे नागलीच्या शेतात राब भाजतात ना, तेव्हाही आपण मातीला काहीतरी देतोच, असं एका पोरानं यावर म्हटलं. मी त्याला शाबासकी दिली.

ढिगाऱ्याचं झालं, पण खड्डा? खदान चालू असते तोवर दिवसरात्र पंप लावून पाणी उपसतात. पंप बंद झाले की खड्डा भरतो. मोठं निळं तळं होतं. पाण्याचा विषय निघाला की आमच्या वर्गात सगळे कान टवकारतात. इथलं वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो, त्यामुळे पाणी म्हणजे काय हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. "मग तर बरंच झालं की गुरुजी, तळं मिळालं!" बरं झालं, पण तपासल्याशिवाय नाही. खदानीच्या पाण्यात क्षार असतात, कधी आम्लही असतं. तपासून, शुद्ध करून ते वापरता येतं. नागपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीनं खदानींतलं पाणी वीजकेंद्राला आणि गावांना दिलं. पाटणसावंगीला तर ते शुद्ध करून बाटल्यांत भरलं, नाव ठेवलं 'कोल नीर'.

आणि काठ? काठ सरळ तुटलेला असतो, नदीसारखा उतरता नाही. पूर्व जर्मनीत नाखटरश्टेट नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या खदानीत पाणी भरून सहलीचं तळं करत होते. १८ जुलै २००९ च्या पहाटे काठाचा मोठा तुकडा घरांसकट तळ्यात घसरला. तीन माणसं गेली. जर्मनीसारख्या नेटक्या देशात, सगळं आखून-मोजून चाललेलं असताना! म्हणून तुम्ही खदानीच्या भागात राहत असाल तर एक ऐकाच. अशा तळ्यात पोहायला जाऊ नका. काठापासून दोन पावलांवर पन्नास फूट खोल असू शकतं, आणि पायाखालची माती नुसती टाकलेली असते.

जर्मनीचं निघालंच आहे तर एसेन शहराची गोष्ट सांगतो. तिथे त्सोलफराइन नावाची प्रचंड खदान होती. १९८६ च्या डिसेंबरात ती बंद झाली. पाडून टाकायची सोडून लोकांनी ती ठेवली. जिथे कोळसा धूत, त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. २००१ साली ती जागतिक वारसा ठरली. बाजूच्या कोक-भट्ट्यांपाशी मालवाहू डबे कापून पोहण्याचा तलाव केला, आणि हिवाळ्यात तिथेच बर्फावर घसरत खेळतात. पोरांना हे भलतंच आवडलं. पण मला त्या भागातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. कोळसा काढून काढून तिथली जमीन काही ठिकाणी वीस मीटरपेक्षाही जास्त खचली आहे. पंप बंद केले तर वस्त्याच पाण्यात जातील. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खदान २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली, पण पंप चालूच आहेत, आणि ते कायम चालू ठेवावे लागणार. या कामांना त्यांच्या भाषेत शब्दच आहे, 'अनंतकाळाची कामं'. त्यासाठी पैसा बाजूला काढून एक वेगळी संस्था नेमली आहे. दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळला, आणि बिल मात्र कधीच संपायचं नाही!

आपल्याकडे बिलाचा विचार उशिरा सुरू झाला. २००९ साली केंद्र सरकारनं नियम केला की प्रत्येक कोळसा खदानीनं बंद होण्याचा आराखडा आधीच करायचा आणि त्यासाठी दरवर्षी बँकेत वेगळे पैसे ठेवायचे. म्हणजे खदान कमावती आहे तोवरच तिच्या म्हातारपणाची सोय. आणि या आराखड्याप्रमाणे सगळी कामं करून, तपासणी होऊन, "ही खदान रीतसर बंद झाली" असा दाखला देशात पहिल्यांदा मिळाला तो २०२५ साली, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेड्याच्या बाजूच्या तीन खदानींना. आपल्या अमरावतीला लागूनच आहे हा जिल्हा. त्याआधी बंद पडलेल्या खदानी म्हणजे बहुतेक फक्त कुलूप लावलेल्या.

एक जुनी खदान मात्र वेगळंच काही मागे ठेवून गेली. वरोऱ्याची. इंग्रज सरकारनं १८७० च्या दशकात ती चालवायला घेतली, कोळसा न्यायला वर्ध्याहून खास रेल्वे टाकली. १९०६ मध्ये खदान बंद झाली. पण रूळ राहिले, पुढे बल्लारपूरकडे वाढले, आणि आज दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या त्याच वाटेनं धावतात.

हे सगळं सांगून झालं असं मला वाटत होतं. तेवढ्यात वीटभट्टीवरून आलेल्या त्या पोरानं विचारलं, "आणि माणसं कुठं गेली?"

ज्या पोराचे आईबाप दरवर्षी सहा महिने गाव सोडतात, त्याला हा प्रश्न सुचणारच. मी त्याला आमचीच गोष्ट सांगितली. मी आठवीत होतो तेव्हा बाबांची खदान बंद झाली. पक्क्या कामगारांची दुसऱ्या खदानीत बदली झाली. बाबांनाही रोज पहाटे चारला उठून दोन बस बदलाव्या लागत. पण जे ठेकेदाराकडे होते त्यांना कोणी बदली देत नाही. चहाची टपरी होती, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, रविवारचा बाजार होता. ते सगळे एकेक करून उठले. आमच्या वर्गात चाळीस पोरं होती, दहावीला अकरा उरलो. कॉलनीतल्या रिकाम्या घरांची दारं-खिडक्यासुद्धा लोकांनी काढून नेली. खड्ड्याचा आराखडा असतो, ढिगाऱ्याचा असतो. टपरीवाल्याचा कोणी केला नव्हता.

नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सनं एक छान बाग केली आहे, तिथे खदानीची प्रतिकृतीही आहे. २०१६ मध्ये पर्यटन महामंडळाला सोबत घेऊन लोकांना खरी खदान दाखवण्याच्या सहली सुरू झाल्या. मी बाबांना घेऊन गेलो होतो. बाग बघून खूश झाले, पण प्रतिकृतीपाशी पोचले तसे मार्गदर्शकाच्या पुढे उभे राहून स्वतःच सांगायला लागले. इथे टेकू असा नाही लावत, असा लावतात. कान कुठे ठेवायचा, काठीनं छप्पर कसं ठोकून बघायचं, भरीव असेल तर 'टण' आणि पोकळ असेल तर 'ढब'. बिचारा मार्गदर्शक बाजूला झाला. पंधरा-वीस पोरं जमली होती भोवती.

ब्रिटनमध्ये वेल्सला बिग पिट म्हणून खदान आहे, १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ पासून लोकांना दाखवतात. तिथे पाहुण्यांना खाली घेऊन जातात ते पूर्वीचे खाणकामगारच. वर काड्यापेटी, घड्याळ, बॅटरीवर चालणारं सगळं काढून ठेवावं लागतं, अगदी खऱ्या पाळीसारखं. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पगार देतात का रे?" देतात म्हटलं. "मंग ठीक हाय."

यंदा दिवाळीनंतर ते सूर्यमाळला येणार आहेत. सातवीची पोरं आतापासून प्रश्नांची वही भरतायत. त्या मुलीचा पहिला प्रश्न आहे, रेती भरायची राहिलेली एखादी गल्ली तुमच्या खदानीत आहे का, आणि वर आता कोण राहतं. भट्टीवर जाणाऱ्या पोरानं मात्र मला बजावून ठेवलंय, "गुरुजी, आम्ही जायच्या आधी बोलवा त्यांना."